कारण विचारायला येतील

आमच्या वाचनालयात सकाळचं पहिलं काम वर्तमानपत्रांचं. गठ्ठा सोडायचा, प्रत्येक पेपरवर शिक्का मारायचा आणि टेबलांवर मांडून ठेवायचे. बातम्या वाचायला मला वेळ नसतो, आणि खरं सांगायचं तर हौसही नाही. ग्रंथपाल बाई दिवसभर वाचत बसलेली असते हा लोकांचा गोड गैरसमज आहे, तो मी कधी मोडला नाही. पण त्या हिवाळ्यात एका सकाळी शिक्का मारता मारता हात थांबला. पहिल्या पानावर खाली एक चौकट होती. राज्यात गर्भपातांची नोंद वर्षागणिक वाढते आहे, अशी बातमी. कोणत्या विभागात किती, कोणत्या वयाच्या बायका किती, शहरात किती, खेड्यात किती. बाजूला वर चढत जाणारी एक लाल रेघ.

त्या रेघेत कुठंतरी मी होते. दिवाळीच्या थोडं आधीची.

तेवढ्यावर मी पान उलटलं असतं. पण बातमीच्या शेवटी लिहिलं होतं की ही वाढ कशामुळे होते आहे ते शोधलं जाणार आहे, आणि ज्या गरोदर बायकांची नावं नोंदली गेली पण पुढच्या तपासण्यांची किंवा बाळंतपणाची नोंद आलीच नाही, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारलं जाईल. मी ते वाक्य परत वाचलं. शिक्का वाकडा बसला.

आमच्या वाचनालयाचे खरे मालक म्हणजे स्पर्धा परीक्षांची पोरं-पोरी. तुमसरच्या आसपासच्या गावांतून डबा घेऊन येतात आणि संध्याकाळी दिवे लागले की जातात. त्यांच्या हातात काहीही पडलं की त्याचा प्रश्न होतो. धरण दिसलं की नदी कोणती, मंत्री दिसला की खातं कोणतं. तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या दोन मैत्रिणी त्या दिवशी खिडकीजवळ बसल्या होत्या. ती चौकट त्यांनी अर्ध्या तासात पाठ केली.

"सांग, राज्यात सर्वात जास्त कोणत्या विभागात?"

"पर्याय दे न."

पर्याय दिले गेले. उत्तर बरोबर आलं. मग दुसरीनं विचारलं, "वाढीचं मुख्य कारण?"

"मुली पाडतात लोक. दुसरं काय राहते."

"आपल्याकडं नाही व. ते तिकडं."

"तिकडं म्हणजे कुठं? इथंही करून राहिले असतीन, तुले कोण सांगते?" मग ती माझ्याकडे वळली. "मॅडम, तुमाले काय वाटते?"

"मले वाटते, बोलणं बंद करून वाचावं," मी म्हटलं. "भिंतीवर पाटी लावली आहे."

त्या ओशाळल्या. माझा राग त्यांच्यावर नव्हता, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. मी काउंटरच्या मागं जाऊन परत आलेल्या पुस्तकांची नोंद करत बसले.

भीती कसली होती ते सांगते. पोलिसांची नाही, कायद्याची नाही. आम्ही जे केलं ते नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, सह्या करून, कायद्यात बसवून केलं होतं. कागद घरी कपाटात होते. भीती एवढीच होती की कोणीतरी आमच्या अंगणात येईल, कारण विचारेल, आणि ते कारण माझ्या अकरा वर्षांच्या मुलीच्या कानावर पडेल. कारण ते कारण म्हणजे तिचाच आजार होता.

आमच्यात पत्रिका बघत नाहीत. लग्न ठरताना बघायचं ते घर, नोकरी आणि माणसं. आमच्या भागात मात्र सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, आणि कॉलेजात असताना आम्हा दोघांचीही रक्ततपासणी वेगवेगळ्या शिबिरांत झाली होती. दोघांच्या कार्डावर एकच शब्द होता, वाहक. बैठकीत ती कार्डं निघाली. मोठ्या माणसांनी ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि सगळ्यांना बरं वाटलं. "दोघायचंही सारखंच निघालं," माझ्या सासूबाई म्हणाल्या, "जोडा जमला." पोहे आले. माझ्याही मनात आलं, चला, एक तरी गोष्ट जुळली. शिबिरात कोणीतरी समजावून सांगितलं असणार की वाहकाला स्वतःला काही होत नाही, पण दोन वाहकांनी लग्न केलं तर दर खेपेला चारात एक बाळ आजार घेऊन येऊ शकतं. सांगितलं असेल. त्या वयात शिबिराला जायचं ते बिस्किटासाठी आणि तास बुडवायला.

मुलगी वर्षाची व्हायच्या आत तिचे तळहात आणि तळपाय सुजले. दृष्ट काढून झाली, मुरगळा उतरवणारी बाई येऊन गेली, मग रक्त तपासलं. तेव्हापासून आमच्या घराचं पंचांग तिच्या दुखण्यावर चालतं. थंडी पडली की हाडं दुखतात. ताप आला की दुखतात. पाणी कमी प्यायली की दुखतात. गावच्या तलावात पोरं डुंबत असतात तेव्हा ती काठावर चपला सांभाळते. दुखणं उठतं तेव्हा ती ओरडत नाही, दात आवळून पडून राहते, आणि ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट असतं. अशा वेळी मी चिडचिड करते, भांडी आपटते. माझ्याकडून दुसरं काही होत नाही.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. गावातल्या उपकेंद्रात नाव नोंदवलं आणि लगेच नागपूर गाठलं. तिथं पोटातल्या बाळाची तपासणी करतात. मुलगा की मुलगी ते सांगू नका, आम्हाला जाणून घ्यायचं नाही, असं आधी लिहून घेतात. मी सही केली. पुढचे दिवस कसे काढले ते मला आठवत नाही, फक्त एवढं आठवतं की वाचनालयात मी कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात कृषीची पुस्तकं लावली होती.

निकालाचा फोन यांना आला. हे राइस मिलमध्ये मशीनवर असतात. तिथं घरघर इतकी की बाहेर रस्त्यावर येऊन ऐकावं लागलं. ऐकून कामावर परत न जाता हे घरी आले, अंगावर कोंडा तसाच. मी तोंडाकडे पाहिलं आणि समजले. बाळाला पुरा आजार होता, मोठीला आहे तसाच.

आम्ही ठरवलं. रडलो, भांडलो, परत ठरवलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही, हे इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्यानं ओळींमध्ये शोधत बसू नये. मोठीला रात्र रात्र तळमळताना पाहिलेल्या आईला जे ठरवता येतं ते मी ठरवलं. पण घरी काय सांगायचं? सासूबाईंच्या पोटात काही राहत नाही. त्यांना सांगितलं असतं तर संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर चर्चा, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत. कोणीतरी माझ्या पोरीला म्हटलं असतं, तुह्यासारखं होतं म्हणून पाडलं. म्हणून आम्ही दोघांनी सांगितलं की पडलं. सासूबाई हळहळल्या, मला तिळाचे लाडू करून घातले. मुलगी दोन दिवस माझ्या पांघरुणात झोपली. मला वाटलं, संपलं.

आणि मग ती चौकट आली.

त्यानंतर मी घरात कशी वागत होते ते आठवलं तरी लाज वाटते. गल्लीत स्कूटी थांबली की मी हातातलं टाकून दाराशी. कुत्रं भुंकलं की दाराशी. एकदा तर टीव्हीच्या केबलवाल्याला मी दारातूनच परत लावलं, त्याच्या हातात रजिस्टर दिसलं म्हणून. यांनी हात जोडले. "अवं, येऊ दे न ज्याले यायचं त्याले. आपण काय चोरी केली?" चोरी केली नव्हती हेच तर खरं होतं. चोरी केली असती तर कोणीही हसत हसत खोटं बोललं असतं. मला मात्र माझं खरं लपवायचं होतं, आणि त्याची सवय नव्हती.

शेवटी मीच उठून उपकेंद्रात गेले. म्हटलं, घरी येण्यापेक्षा इथंच विचारून घ्या. नेमका लसीकरणाचा दिवस. आमच्याच गल्लीतल्या बाया पोरं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसलेल्या. सिस्टर नवीन, बदलून आलेली, दमलेली. माझं बोलणं तिनं अर्धंच ऐकलं.

"नाही ताई, इथं नाही जमत. घरीच यावं लागते. घरासमोरून फोटो टाकला का मंगच पुढचं उघडते."

"बरं, मग मी घरी असताना या," मी म्हटलं. "मी दिवसभर तुमसरले असतो. आणि..."

आणि मुलगी शाळेत असताना या, हे बोलायचं होतं. पण शेजारची बाई कान देऊन ऐकत होती, मांडीवरच्या पोराचं रडणंही तिला ऐकू येत नव्हतं. मी गिळलं. सिस्टरनं मान हलवली आणि पुढचं पोर घेतलं. मी परत निघाले तेव्हा मला वाटत होतं की काम झालं. परत कधीतरी एकटीला गाठून उरलेलं सांगू.

तेवढी सवड मिळालीच नाही. दोनच दिवसांनी, रविवारी सकाळी, ती आली. "तुमी म्हटलं होतं न, घरी असतानी या म्हणून," ती म्हणाली. "सुटीच्या दिवशी कोणी जाते का? पण म्हटलं, ताईले गावंल." बिचारीनं माझ्यासाठी स्वतःची सुटी मोडली होती. मी बोलावलं आणि ती आली. नेमकी शाळेला सुटी असताना.

मुलीचे आदल्या रात्रीपासून पाय दुखत होते. म्हणून अंगणात उन्हाला खाट टाकली होती. ती चादर गुंडाळून पडली होती, उशाशी पाण्याची बाटली. खाटेच्या पायथ्याशी सासूबाई लाखोळीची भाजी निवडत होत्या. हे मिलवर गेले होते, धानाच्या हंगामात मिलला रविवार नसतो. सिस्टरनं आधी फोटो काढला, मग प्लास्टिकची खुर्ची ओढून खाटेशेजारीच बसली.

"सिस्टर, आत बसू," मी म्हटलं.

"राहू द्या ताई, इथं ऊन चांगलं आहे. अन् आत नेटवर्क नाही येत."

मी पाणी आणलं. तिनं घोटभर घेतलं, मोबाइलवर बोट फिरवलं. "तुमची नोंद आहे इथं. पुढं तपासणीचं काही नाही."

"पडलं न बाई ते," सासूबाई म्हणाल्या. "तिसरा महिना होता. नशीब."

"पडलं नाही दाखवत, आजी. नागपूरले केलं असं दाखवते."

सासूबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली. "केलं म्हंजे?"

घरात माहीत नाही हे सिस्टरच्या आत्ता ध्यानात आलं. पण विचारायला तर आली होती. ती माझ्याकडे वळली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "वाईट नका वाटून घेऊ ताई. वरून इचारतात म्हणून इचारून राहिली. तुमाले एकच मुलगी आहे. सोनोग्राफीत कोणी काही सांगितलं होतं का, मुलगा-मुलगी?"

"नाही."

"मंग कारण काय टाकू?"

आत कपाटात फाइल होती. एक शब्द बोलले असते तर सगळं मोकळं झालं असतं. सिस्टरचा संशय गेला असता. सासूबाई रडल्या असत्या, आणि रडून झाल्यावर माझ्या डोक्यावरून हात फिरवला असता. मी खाटेकडे पाहिलं. चादरीतून तिचं तोंड बाहेर आलं होतं आणि ती टक लावून ऐकत होती.

"मलेच नको होतं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"नको होतं. नोकरी आहे. झेपलं नसतं."

"वाचनालयाची नोकरी?" सासूबाई म्हणाल्या.

एवढंच म्हणाल्या. सिस्टरनं मोबाइलवर काहीतरी दाबलं, परत दाबलं, नेटवर्क गेलं होतं, हात उंच करून उभी राहिली, मग झालं. जाताना खाटेवर वाकून म्हणाली, "पाणी पेत राहा बेटा." स्कूटी गल्लीच्या वळणावरून गेली तरी मी दारातच उभी. सासूबाई भाजी तशीच टाकून उठल्या. माझ्याजवळून जाताना थांबल्या आणि अगदी हळू विचारलं, "मुलगी होती का?"

"मले माहीत नाही," मी म्हटलं. हे मात्र खरं होतं, आणि त्यांना तेच खोटं वाटलं.

त्या दिवसापासून त्या माझ्याशी सरळ बोलत नाहीत. "तुह्या आईले सांग, पाणी आलं नळाले," असं मुलीकरवी चालतं. जेवतात, पण मी वाढलेलं नाही, स्वतः वाढून घेऊन. आमच्या घरात असं कधी झालं नाही, असं त्या बहिणीला फोनवर म्हणाल्याचं मी ऐकलं. हे दोनदा त्यांना खरं सांगायला निघाले, दोन्हीदा मी हात धरला. सासूबाईंच्या नजरेत मी वाईट ठरले तर ठरू दे. मी घट्ट आहे, मला चालतं.

पण भीती गेली नाही. उलट वाढली, कारण आता ती कशाची ते मला नीट सांगता येईना. वाचनालयात त्या दोघी मैत्रिणी अजून एकमेकींना प्रश्न विचारतात. पुढच्या वर्षी नवी चौकट येईल, कारणांची वाटणी येईल, त्या ती पाठ करतील आणि उत्तर बरोबर येईल. त्यात माझं कारण असेल, नको होतं म्हणून. माझ्यासारख्या आणखी किती बायांनी अंगणात कोणाला तरी ऐकू जाऊ नये म्हणून भलतंच सांगितलं असेल, हे कोणाला माहीत. मला हसू येतं.

परवा संध्याकाळी थंडी वाढली. दिवेलागणीच्या वेळी मुलीचे पाय परत दुखायला लागले. सासूबाई विहारात वंदनेला गेल्या होत्या, हे मिलमधून यायचे होते. गोळी दिली, गरम पाण्याची पिशवी ठेवली, आणि तिच्या पायथ्याशी बसून पिंडरी दाबत राहिले. तिचा डोळा लागला असं वाटलं म्हणून हात काढून घेतला, तर ती म्हणाली,

"आई, त्या बाळाले सिकल होतं न?"

"कोणं सांगतलं तुले?"

"कोणीच नाही. सिस्टरनं कारण इचारलं तवा तू माह्याकडं पाह्यलं."

नाही म्हणायला हवं होतं, लगेच, तोंडातल्या तोंडात का होईना. पण जो क्षण मला नाही म्हणायला मिळाला होता तो निघून गेला, आणि ती माझं तोंड वाचत होती.

"मंग माह्या वेळेस तपासलं नोतं का?"

"नव्हतं," मी म्हटलं. "तेव्हा आम्हाले काही माहीतच नव्हतं."

"माहीत असतं तं?"

सिस्टरसाठी माझ्याकडे उत्तर होतं. सासूबाईंसाठी होतं. उद्या कोर्टात उभं केलं असतं तरी काहीतरी बोलले असते. तुला कसं सोडलं असतं, वेडे, असं म्हणायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण ती अकरा वर्षांची आहे, आणि त्या आजारानं तिला खोटं ओळखायला शिकवलं आहे. नाही दुखणार, आता थांबेल, असं आम्ही तिला जन्मभर सांगत आलो आहोत.

"मले माहीत नाही," मी म्हटलं. "खरंच माहीत नाही."

मी तिच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून पिशवीचं झाकण घट्ट आहे का तेच बघत बसले. मग तिनं पाय काढून घेतला, कूस बदलली, आणि दुसरा पाय माझ्या मांडीवर ठेवला.

"आता हा दाब," ती म्हणाली. "हळू."